लोक काय टाइप करतात ते आधी बघा

तुमच्या वेबसाइटवरच्या पुरणपोळीच्या पानाला तुम्ही ‘सणासुदीचं पारंपरिक पक्वान्न’ असा मथळा दिलाय. वाचायला छान आहे, पण असं शोधतं कोण? होळीच्या सकाळी ज्याचं पुरण सैल झालंय, तो घाईघाईत ‘पुरण पातळ झाले तर काय करावे’ एवढंच टाकतो. तेच शब्द मथळ्यात घ्या आणि उत्तर पहिल्या दोन ओळींतच द्या.

गूगलच्या चौकटीत ‘पुरणपोळी’ लिहून थांबा, खाली येणाऱ्या सूचना वहीत उतरवून घ्या. रोमन लिपीतही टाकून बघा, आपली बरीच माणसं तसंच शोधतात. कीवर्ड मेटा टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमधल्या, वाचकाला न दिसणाऱ्या शब्दांच्या यादीत मात्र शब्द कोंबत बसू नका. शोधनिकालांच्या क्रमवारीसाठी तो टॅग वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच सांगितलंय. दोनेक महिन्यांनी सर्च कन्सोल उघडा, म्हणजे आपलं पान कोणत्या शब्दांवर दिसतं आणि किती क्लिक येतात ते दाखवणारं गूगलचं साधन. ज्या शब्दांवर पान दिसतं पण क्लिक येत नाही, तिथला मथळा पुन्हा लिहा.