वाचकांचे प्रश्न : अमेरिकेत अंतिम शब्द कोणत्या सर्वोच्च न्यायालयाचा?

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीत एडिसनला राहतो. अमेरिकेच्या बातम्यांत कधी कोलोरॅडोच्या, कधी विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाचा उल्लेख येतो. त्यांचे काही निर्णय वॉशिंग्टनमध्ये फिरवले जातात, तर काही तसेच टिकतात. असे का होते आणि मुलाने कोणाचा निर्णय प्रमाण मानायचा?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपली न्यायव्यवस्था एकसंध आहे. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल राज्याच्या कायद्यावर असो वा केंद्राच्या, त्याविरुद्ध दिल्लीला दाद मागता येते आणि राज्यघटनेच्या कलम १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. अमेरिकेत मात्र प्रत्येक राज्याला स्वतःची घटना आहे आणि तिचा अर्थ लावण्याचा अंतिम अधिकार त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे आहे. संघराज्याची घटना किंवा संघराज्याचा कायदा यांचा प्रश्न उपस्थित झाला, तरच वॉशिंग्टनचे न्यायालय, म्हणजे संघराज्याचे सर्वोच्च न्यायालय, त्या निकालाची तपासणी करू शकते.

डिसेंबर २०२३ मध्ये तीन दिवसांच्या अंतराने आलेले दोन निकाल पाहा. १९ तारखेला कोलोरॅडोच्या न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी डोनाल्ड ट्रम्प यांना पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीच्या मतपत्रिकेवर स्थान देण्यास नकार दिला. त्याचा आधार संघराज्याच्या घटनेतील चौदावी दुरुस्ती (घटनेची शपथ घेऊन नंतर बंडात सामील झालेल्याला पदासाठी अपात्र ठरवणारी तरतूद) हा होता, त्यामुळे प्रकरण वॉशिंग्टनला गेले आणि ४ मार्च २०२४ रोजी तेथील सर्व नऊ न्यायमूर्तींनी तो निकाल रद्द ठरवला. २२ डिसेंबरला विस्कॉन्सिनच्या न्यायालयाने, तेही ४ विरुद्ध ३ मतांनीच, राज्याच्या विधिमंडळाचे मतदारसंघ घटनाबाह्य ठरवले. मतदारसंघाचा प्रदेश सलग असावा, असे त्या राज्याची घटना सांगते, पण निम्म्याहून अधिक मतदारसंघांत मुख्य भागापासून तुटलेले तुकडे होते. हा निकाल राज्याच्या घटनेवर उभा असल्यामुळे तो टिकला, फेब्रुवारी २०२४ मध्ये नवे नकाशे मंजूर झाले आणि नोव्हेंबरची निवडणूक त्यांवरच झाली. दोन्ही ठिकाणी बहुमत अवघ्या एका मताचे होते, फरक पडला तो कोणत्या घटनेचा आधार घेतला यामुळे.

तुमच्या मुलाच्या बाबतीत याचा अर्थ काय, ते एका जुन्या पण आजही उपयोगी उदाहरणावरून कळेल. रात्री तोंड बांधून रस्त्याकडेला ठेवलेल्या कचऱ्याच्या पिशवीत औषधांची वेष्टणे, बँकेची पत्रे, फाडलेली पाकिटे, घरातले बरेच काही असते. १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने कॅलिफोर्नियातील एका प्रकरणात सांगितले, की अशा पिशवीबाबत खासगीपणाची अपेक्षा धरता येत नाही आणि पोलीस ती वॉरंटशिवाय तपासू शकतात. दोनच वर्षांनी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या राज्याच्या घटनेच्या आधारे वेगळा मार्ग धरला : पिशवी उघडून तपासायची असेल, तर वॉरंट हवे. संघराज्याच्या घटनेने दिलेल्या हक्कांपेक्षा कमी हक्क कोणतेही राज्य देऊ शकत नाही, जास्त मात्र देऊ शकते. म्हणून एडिसनच्या पोलिसांना न्यू जर्सीचा निकाल पाळावा लागतो. संघराज्याच्या तपास यंत्रणेने संघराज्याच्या न्यायालयात खटला चालवला, तर मात्र तेथे १९८८ चाच नियम लागू होतो, हेही त्याने ध्यानात ठेवावे.

प्रश्न : आम्ही पतिपत्नी अलाबामातील हंट्सव्हिलला असतो. आयव्हीएफ उपचारांतील आमचे काही भ्रूण गोठवून ठेवलेले आहेत. अशा भ्रूणांना ‘मूल’ ठरवणाऱ्या २०२४ च्या निकालाची भीती मनातून जात नाही. तो रद्द झाला का? आम्ही दुसऱ्या राज्यात गेलो, तर काय होईल?
– एक वाचक दांपत्य

उत्तर : तुमची काळजी मी समजू शकतो आणि त्यामुळेच खोटा दिलासा देणार नाही. तो निकाल रद्द झालेला नाही.

प्रकरणाची सुरुवात डिसेंबर २०२० मध्ये मोबील शहरात झाली. एका रुग्णालयातील शीतसाठ्याच्या खोलीत दुसराच एक रुग्ण शिरला, त्याने भ्रूण ठेवलेली नळी उचलली, तीव्र गारठ्याने त्याचा हात भाजला आणि भ्रूण जमिनीवर पडून नष्ट झाले. पालकांनी १८७२ च्या, अज्ञान मुलाच्या मृत्यूबद्दल भरपाई देणाऱ्या कायद्याखाली दावा केला. १६ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भाशयाबाहेरचे भ्रूणही त्या कायद्यातील ‘मूल’ या संज्ञेत बसतात, असे ठरवले. ज्या पालकांचे नुकसान झाले, त्यांना न्याय मिळायलाच हवा होता, परंतु त्यासाठी निवडलेल्या वाटेने इतर शेकडो दांपत्यांचे उपचार धोक्यात आणले, असे माझे स्पष्ट मत आहे. काही दवाखान्यांनी लगोलग आयव्हीएफ थांबवले.

६ मार्च २०२४ रोजी राज्याने नवा कायदा करून उपचार देणाऱ्यांना दिवाणी आणि फौजदारी जबाबदारीपासून संरक्षण दिले व उपचार पुन्हा सुरू झाले. मात्र भ्रूण हे मूल आहे की नाही, या मुद्द्याला त्या कायद्याने हातच घातला नाही. त्यातून एक विचित्र गोष्ट घडली आहे : उद्या दवाखान्याच्या हलगर्जीपणामुळे तुमचे भ्रूण नष्ट झाले, तर हेच संरक्षण भरपाईच्या आड येऊ शकते. ऑक्टोबर २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने हे प्रकरण ऐकण्यास नकार दिला. आपल्याकडे विशेष अनुमती याचिका (सर्वोच्च न्यायालयात अपील करण्याची परवानगी मागणारा अर्ज) दाखल करून घेतली नाही, म्हणजे खालच्या निकालावर शिक्कामोर्तब झाले असे होत नाही. तेथेही तसेच आहे.

अलाबामाच्या न्यायालयाने आपल्या राज्याच्या कायद्याचा लावलेला अर्थ शेजारच्या जॉर्जियावर किंवा टेनेसीवर बंधनकारक नाही. पण प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा असल्यामुळे स्थलांतरापूर्वी तो तपासणे आवश्यक आहे. लुईझियानाने तर १९८६ पासूनच प्रयोगशाळेतील भ्रूण हेतुपुरस्सर नष्ट करण्यास मनाई केली आहे. साठवण, वाहतूक आणि न वापरलेल्या भ्रूणांची विल्हेवाट यांबद्दल तुम्ही सही केलेले संमतिपत्र शोधून काढा आणि अलाबामात वकिली करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा.

प्रश्न : मी नागपूर खंडपीठात वकिली करते. अमेरिकेतील अनेक राज्यांत न्यायमूर्ती मतदानाने निवडले जातात. अशा न्यायालयाच्या निकालांना स्थैर्य राहते का?
– एक वकील वाचक

उत्तर : अनेकदा राहत नाही. नॉर्थ कॅरोलायनाच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये पक्षीय सोयीने आखलेले मतदारसंघ रद्द केले. नोव्हेंबरच्या निवडणुकीत न्यायालयातील बहुमत बदलले आणि एप्रिल २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने तोच निर्णय मागे घेतला. घटनेतील एक शब्दही बदलला नव्हता, बदलले होते न्यायमूर्ती. माझ्या दृष्टीने ही गंभीर बाब आहे, कारण २०१९ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने अशा पक्षीय आखणीत संघराज्याची न्यायालये लक्ष घालणार नाहीत, असे सांगितल्यापासून राज्यांची न्यायालये हाच नागरिकांचा मुख्य आधार उरला आहे. विस्कॉन्सिनमध्ये एप्रिल २०२५ मध्ये एका न्यायमूर्तिपदाच्या निवडणुकीवर सुमारे १० कोटी डॉलर खर्च झाले. त्याच वर्षी २ जुलै रोजी त्या न्यायालयाने १८४९ चा गर्भपातबंदीचा कायदा पुढच्या कायद्यांमुळे निष्प्रभ झाला आहे, असा निकाल दिला, तोही ४ विरुद्ध ३ असाच.

तरीही मतदार नेहमी न्यायालयाविरुद्ध जातात, असे समजू नये. कॅन्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये गर्भपाताचा हक्क राज्याच्या घटनेत असल्याचे म्हटले होते आणि तो पुसण्यासाठी मांडलेली घटनादुरुस्ती पुराणमतवादी समजल्या जाणाऱ्या त्या राज्याच्या मतदारांनी ऑगस्ट २०२२ मध्ये सुमारे ५९ टक्के मतांनी फेटाळली. जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने आपला जुना निर्णय पुन्हा कायम केला.