दार आपटले की तो बाकाखाली शिरतो

प्रश्न : मी चौथीच्या वर्गाला शिकवते. वाऱ्याने दार आपटले किंवा कोणी टेबलावर डस्टर आपटला की माझ्या वर्गातला एक मुलगा बाकाखाली जाऊन बसतो आणि बराच वेळ बाहेर येत नाही. एरवी क्षुल्लक कारणावरून शेजारच्याला मारतो. घरी काही भीषण घडल्याचे कानावर आहे, पण नेमके काय ते कोणी सांगत नाही. ते कळल्याशिवाय मी काय करणार? आणि शिस्तीचे काय?

उत्तर : त्याची कहाणी ठाऊक नसतानाही तुम्हाला बरेच काही करता येईल. ती खोदून काढणे हे शिक्षकाचे काम नाही आणि तसा प्रयत्न केल्यास जखम पुन्हा उघडी पडण्याचा धोका असतो.

धोक्याची चाहूल लागताच मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग, पुरता विचार होण्याआधीच, शरीराला पळण्यासाठी, झुंजण्यासाठी किंवा गोठून बसण्यासाठी सज्ज करतो. अशा वेळी कपाळामागचा, विचार करणारा आणि स्वतःला आवर घालणारा भाग मागे पडतो. ज्या मुलाने भीती वारंवार अनुभवली आहे, त्याच्या मनातली ही धोक्याची घंटा इतरांना जाणवणारही नाही एवढ्या धक्क्याने वाजते. बाकाखाली शिरणे आणि शेजाऱ्याला मारणे ही बहुधा एकाच भीतीची दोन रूपे असावीत. म्हणूनच त्या क्षणी ‘असे का केलेस?’ हा प्रश्न निरुपयोगी ठरतो, कारण त्याचे उत्तर त्या वेळी त्याच्याकडेही नसते.

आधी साध्या गोष्टी पाहा. दाराच्या चौकटीला नमद्याची, म्हणजे जाड लोकरी कापडाची, पट्टी लावा आणि डस्टर आपटण्याची सवय मोडा. त्याची जागा अशी ठेवा की पाठ भिंतीकडे असेल आणि दार समोर दिसेल. मागून जाऊन खांद्यावर हात ठेवू नका, मग तो कितीही मायेचा असो. दिवसाचा क्रम फळ्यावर लिहा आणि त्यात बदल होणार असेल तर आधी सांगा, कारण पुढे काय होणार हे ठाऊक असणे हाच अशा मुलाचा मोठा आधार असतो.

तरीही तो बाकाखाली गेलाच, तर थोड्या अंतरावर, त्याच्या बाजूला, त्याच्याच उंचीवर बसा. सुरुवातीच्या वर्षांत मी आवाज अगदी मऊ करून, पण अशा मुलाच्या डोक्यावर उभी राहून बोलत असे. त्याला माझा आवाज नव्हे, माझी सावली दिसत असणार, हे कळायला मला फार उशीर लागला. ‘मी इथेच आहे, तुला वाटेल तेव्हा ये,’ एवढेच, आणि दर वेळी त्याच शब्दांत म्हणा. तो बाहेर येईल तेव्हा त्याची वही त्याच पानावर उघडी असावी आणि कोणी खुलासा मागू नये.

शिस्तीबाबत माझे मत ठाम आहे. मारणे चालणार नाही हा नियम त्यालाही लागू आहे. त्याच्यापुरता नियम ढिला केला तर आज काय चालेल आणि उद्या काय नाही, या अनिश्चिततेत तो आणखी बावरेल. फक्त ते बोलणे तो शांत झाल्यावर, एकांतात व्हावे आणि ज्याला मारले त्याच्यासाठी आता काय करता येईल, यावर संपावे. वर्गासमोर उभे करणे, हिणवणे किंवा बाहेर काढणे यातून त्याची भीतीच खरी ठरते.

तो आपणहून काही सांगू लागला तर ऐका, पण उलटतपासणी करू नका आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नका. त्याचे शब्द जसेच्या तसे टिपून ठेवा आणि बालसुरक्षेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला त्याच दिवशी कळवा.

प्रत्येक चुळबुळ्या मुलामागे आघातच शोधण्याचाही मोह आवरावा. ऐकण्यातला दोष, अपुरी झोप किंवा वाचनातली अडचण हीसुद्धा कारणे असतात. बालपणातल्या प्रतिकूल अनुभवांविषयी १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या सुप्रसिद्ध अमेरिकी अभ्यासात निम्म्याहून अधिक प्रौढांनी असा किमान एक अनुभव नोंदवला होता. मात्र त्याची प्रश्नावली हाती घेऊन एकेका मुलाला गुण देत बसणे, हा तिचा गैरवापर आहे. आणि दंगा न करता खिडकीबाहेर एकटक पाहत बसणाऱ्या मुलीकडेही लक्ष असू द्या, कारण तिची तक्रार कोणीच करत नाही.

प्रश्न : मी मुख्याध्यापक आहे. गेल्या सत्रात आमचा एक विद्यार्थी वारला. मुलांसाठी आम्ही समुपदेशक बोलावले. पण त्याच्या वर्गशिक्षिका आता वारंवार रजा घेतात आणि दुसरे एक शिक्षक सतत चिडलेले असतात. शिक्षकांसाठी तणावमुक्तीचे शिबिर घ्यावे का?

उत्तर : घ्यायला हरकत नाही, पण कामाचा भार तसाच ठेवून श्वासाचे व्यायाम शिकवले तर शिक्षकांना ती थट्टा वाटेल. सर्वांना एकत्र बसवून त्या दिवसाचा अनुभव सांगायला लावण्याचा कार्यक्रम मात्र टाळा. आघातानंतरच्या अशा सक्तीच्या बैठकांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनाही करत नाही. बोलण्याची सोय असावी, सक्ती नसावी.

दुसऱ्याचे दुःख रोज ऐकणाऱ्याच्या मनावरही त्याची खूण उमटते. याला परोक्ष आघात म्हणतात आणि ही संकल्पना १९९० साली मॅककॅन आणि पर्लमन या मानसशास्त्रज्ञांनी मांडली. तो शिक्षकाचा कमकुवतपणा नव्हे, हे तुमच्याच तोंडून सर्वांना ऐकू द्या. मग व्यवस्था बदला : कोणाला दहा मिनिटे बाहेर पडावेसे वाटले तर वर्ग कोण सांभाळेल, हे नाव आधीच ठरलेले असावे. कठीण प्रसंगानंतर त्याच दिवशी एका सहकाऱ्याने ‘जेवलात का, घरी कसे जाणार?’ एवढे तरी विचारावे. चिडणाऱ्या शिक्षकांना लेखी समज देण्यापूर्वी एकदा एकट्याने भेटा. झोप उडणे, तीच दृश्ये पुन्हा पुन्हा दिसणे असा त्रास महिनाभर टिकला असेल, तर दोघांनाही मनोविकारतज्ज्ञांची भेट सुचवा आणि त्यासाठी लागणारी रजा कुरकुर न करता द्या.

वर्गशिक्षिकांच्या बाबतीत एक गोष्ट आजच तपासा. त्या मुलाचे नाव हजेरीपटावर अजून आहे का? असेल, तर त्या रोज सकाळी वर्गासमोर एक क्रमांक गिळून पुढचा पुकारत असतील. ते नाव परस्पर खोडू नका. काय करावे हे आधी त्यांना विचारा, आणि ठरेपर्यंत हजेरी दुसऱ्या कोणाला तरी घेऊ द्या.