जॉर्ज मायकलचा 'फेथ' हा अल्बम खूप आवडला, पण नंतरचा 'लिसन विदाउट प्रेज्युडिस' संथ आणि उदास वाटतो. तो फ्लॉप का झाला? आणि ऐकायचाच असेल तर सुरुवात कुठून करावी?

फ्लॉप कुठे झाला? ब्रिटनमध्ये तो एक नंबरवर गेला आणि १९९१ मध्ये सर्वोत्कृष्ट ब्रिटिश अल्बमचा ब्रिट पुरस्कारही त्यालाच मिळाला. अमेरिकेत दोन नंबरपर्यंत चढला. 'प्रेइंग फॉर टाइम' हे त्यातलं पहिलंच सिंगल तिथे एक नंबर झालं. तरी गेली कित्येक वर्षं हे 'फ्लॉप' प्रकरण ऐकतोय. माझा एक जवळचा मित्र तर ठामपणे सांगतो की 'फ्रीडम! ९०' सोडलं तर बाकी सगळी भरती आहे, संथ गाण्यांनीच अल्बम बुडवला. त्यामुळे हे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी आकडे. 'फेथ' १९८७ चा. अमेरिकेत बारा आठवडे एक नंबर, त्यातली चार गाणी एक नंबर, १९८९ ला ग्रॅमीत अल्बम ऑफ द इयर, आणि एकट्या अमेरिकेत डायमंड, म्हणजे एक कोटी प्रती. सप्टेंबर १९९० मध्ये आलेला 'लिसन विदाउट प्रेज्युडिस व्हॉल्यूम १' तिथे डबल प्लॅटिनमवर थांबला, म्हणजे वीस लाख. घसरण आहे, मोठी आहे, पण ती अमेरिकेतली आहे. ब्रिटनमध्ये तो व्यवस्थित चालला. गाणी तर दोन्हीकडे तीच होती ना? शिवाय 'फेथ'मधली ती चार एक नंबरची गाणी कोणती ते बघा: 'फेथ', 'फादर फिगर', 'वन मोअर ट्राय', 'मंकी'. यातली मधली दोन चांगलीच संथ आहेत. 'वन मोअर ट्राय' तर जवळपास चर्चमधल्या प्रार्थनेच्या चालीने जातं, आणि अमेरिकेने ते डोक्यावर घेतलं. संथ गाणं अमेरिकेत खपत नाही हा मुद्दा इथेच निकालात निघतो.

खरं कारण चेहरा. 'फेथ' विकला गेला तो आवाजाइतकाच लेदर जॅकेट, दाढीची खुंटं, गिटार आणि ज्यूकबॉक्स यांच्यावर. एमटीव्हीच्या त्या काळात गाण्याआधी माणूस विकला जायचा, आणि या माणसाने 'मी व्हिडिओत दिसणार नाही' असं ठरवलं. अल्बमच्या कव्हरवरही तो नाही. तिथे वीजी या छायाचित्रकाराने १९४० मध्ये काढलेली कोनी आयलंडच्या किनाऱ्यावरची तुडुंब गर्दी आहे. 'प्रेइंग फॉर टाइम'च्या व्हिडिओत नुसते शब्द, काळ्या पडद्यावर येत-जात राहणारे. आज लिरिक व्हिडिओ रोज येतात, १९९० मध्ये एक नंबरच्या ताऱ्याने असं करणं म्हणजे कंपनीच्या तोंडचं पाणी पळवणं होतं.

'फ्रीडम! ९०'चा व्हिडिओ दिग्दर्शक डेव्हिड फिंचरचा. त्याचा पहिला सिनेमा यायला तेव्हा अजून दोन वर्षं होती. जॉर्जच्या जागी पाच सुपरमॉडेल्स ओठ हलवतात: नाओमी कॅम्पबेल, लिंडा इव्हँजेलिस्टा, क्रिस्टी टर्लिंग्टन, तात्याना पाटित्झ, सिंडी क्रॉफर्ड. जानेवारी १९९० च्या ब्रिटिश 'व्होग'च्या कव्हरवर याच पाच जणी होत्या, कल्पना तिथूनच आली. आता कोरस आला की पडद्यावर काय होतं ते नीट बघा. 'फेथ'च्या व्हिडिओतलं जॅकेट कपाटात पेट घेतं, तोच ज्यूकबॉक्स फुटतो, तीच गिटार फुटते. ज्या वस्तूंनी त्याला एक कोटी प्रती मिळवून दिल्या, त्या त्याने नावानिशी जाळल्या. नावातला '९०' अशासाठी की १९८४ मध्ये त्याच्या आधीच्या 'व्हॅम!' या जोडीचं 'फ्रीडम' आधीच येऊन गेलं होतं. हे गाणंही त्याच दिवसांचा हिशेब मांडतं.

पुढे दौरा काढला तर त्याचं नाव 'कव्हर टू कव्हर', आणि त्यात बहुतेक गाणी दुसऱ्यांची. नवा अल्बम खपवायचा असेल तर कोणी असं करत नाही. प्रसिद्धीचा त्रास होतो अशी मुलाखत त्याने लॉस एंजेलिस टाइम्सला दिली, तेव्हा फ्रँक सिनात्राने जाहीर पत्र लिहून त्याला झापलं होतं. मला ते पत्र अजिबात पटत नाही. आवाज तोच ठेवून चेहरा काढून घ्यायचा हक्क गायकाला आहे, त्याची किंमत मोजायची तयारी असली म्हणजे झालं. त्याने ती मोजली.

आता कुठून सुरू करायचं. फोनच्या स्पीकरवर नको, हेडफोन घ्या. यात बेस खूप खालचा आहे आणि आवाजामागचा प्रतिध्वनी हेच अर्धं संगीत आहे. स्पीकरवर तो पुसला जातो आणि उरतं ते रडगाणं वाटतं. शफल बंद करा. दहा गाणी, पाऊण तासाच्या थोडं वर, पाच-पाचच्या दोन बाजू. तुम्ही 'फेथ'वरून येताय, तर पहिल्या दिवशी पहिली बाजू घेऊच नका. 'फ्रीडम'नंतर लगेच 'दे वोन्ट गो व्हेन आय गो' येतं, स्टीव्ही वंडरचं १९७४ चं गाणं, बहुतेक नुसता पियानो आणि आवाज. नवा ऐकणारा हमखास इथेच उठतो.

दुसऱ्या बाजूपासून, 'वेटिंग फॉर दॅट डे'पासून सुरू करा. त्याआधी जेम्स ब्राऊनचं 'फंकी ड्रमर' लावा, पूर्ण नऊ मिनिटांचं. साडेपाच मिनिटांच्या सुमारास बाकीचे थांबतात आणि क्लाइड स्टबलफील्ड एकटा ड्रम वाजवतो. तोच तुकडा 'वेटिंग फॉर दॅट डे'खाली फिरतोय, 'फ्रीडम! ९०'खालीही तोच. एकदा तो कानाने पकडला की 'संथ' वाटणाऱ्या गाण्याखाली केवढी चाल आहे ते कळतं. शेवटी रोलिंग स्टोन्सची एक ओळ येते, म्हणून श्रेयनामावलीत त्यांचे जॅगर आणि रिचर्ड्स आहेत. मग 'मदर्स प्राइड', सैनिकाच्या आईचं गाणं. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकन रेडिओने ते खूप वाजवलं. मग 'हील द पेन', सरळसरळ पॉल मॅकार्टनीच्या वळणाचं. पुढे मॅकार्टनीने स्वतः ते त्याच्याबरोबर गायलं. गिटार वाजवत असाल तर हे आधी बसवा.

'काउबॉइज अँड एंजल्स' सर्वांत शेवटी, रात्री. सात मिनिटांच्या वर आहे. मांडीवर एक-दोन-तीन मोजत ऐका. तीन-तीनचा ठेका आहे, दादऱ्याच्या अंगाने झुलणारा. चार मोजत बसलात तर गाणं अडखळल्यासारखं वाटतं, आणि याला भरती म्हणणारे लोक चारच मोजत असतात अशी माझी खात्री आहे.

'सोल फ्री' मात्र मला कच्चं वाटतं, ते वगळलंत तरी चालेल. आणि सगळा दोष कंपनीचा होता असंही माझं म्हणणं नाही. त्याची रेकॉर्ड कंपनी सोनीने अल्बम नीट खपवला नाही अशी त्याची तक्रार होती, करारातून सुटण्यासाठी तो लंडनच्या हायकोर्टात गेला आणि जून १९९४ मध्ये हरला. चेहरा द्यायचा नाही आणि 'फेथ'इतकीच विक्री मागायची, हे दोन्ही एकत्र जमणार नव्हतं. १९९५ मध्ये पैसे मोजून त्याची सुटका झाली, पण उमेदीची वर्षं गेली ती गेलीच.

'व्हॉल्यूम २' शोधत बसू नका, तो आलाच नाही. त्यासाठीची तीन गाणी १९९२ च्या 'रेड हॉट अँड डान्स' या एड्सच्या मदतनिधीच्या संग्रहात गेली, त्यातलं 'टू फंकी' तुम्हाला लगेच आवडेल. २०१७ च्या नव्या आवृत्तीत १९९६ चा 'एमटीव्ही अनप्लग्ड' हा थेट कार्यक्रमही आहे, तीच घ्या. त्यातलं 'प्रेइंग फॉर टाइम' ऐकून मग मूळ अल्बमची पहिली बाजू लावा.