आजींची खुर्ची दाराशी नेणारी मुलगी

ताई, पत्र मिळालं. लेक बारावी सायन्सला, मॅथ्स आहे, बाबांना कॉम्प्युटर इंजिनिअरिंग हवंय आणि ती म्हणतेय जागेचा माणसावर काय परिणाम होतो ते शिकायचंय, तर असं काही शिक्षण असतं का की हे नुसतं फॅड, असं तुम्ही विचारताय. मला मात्र तुमची शेवटची तक्रार जास्त आवडली! नाशिकच्या सिडकोतल्या त्या दोन खोल्यांत ती सारखं फर्निचर हलवते, आजींची खुर्ची टीव्हीसमोरून उचलून दाराशी नेली आणि आता आजी जिन्यातून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत बसतात.

अहो, १९५० च्या दशकात रॉबर्ट सॉमर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॅनडात जवळपास हेच केलं. हॉस्पिटलात म्हाताऱ्या पेशंटच्या वॉर्डात खुर्च्या भिंतीला लावलेल्या, सगळे गप्प, मग त्याने त्या टेबलांभोवती मांडल्या आणि हळूहळू माणसं बोलायला लागली. १९८४ मध्ये रॉजर उलरिचने दाखवलं की पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत बघणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, कडक पेनकिलरही कमी लागल्या. एन्व्हायर्नमेंटल सायकॉलॉजी म्हणतात याला, फॅड नाही.

आता रस्ता. जागा स्वतः उभी करायची असेल तर बी.आर्क., म्हणजे आर्किटेक्चरची पदवी, पाच वर्षं, त्यासाठी नाटा ही प्रवेश परीक्षा, तयारी आत्ताच लागेल. माणसं कशी वागतात ते मोजायचं, तपासायचं असेल तर सायकॉलॉजीत बी.ए., मग एम.ए. इंटिरिअरचा झटपट डिप्लोमा मी तरी सुचवणार नाही, त्यात फॉल्स सीलिंग जास्त आणि माणूस कमी असतो (माझं मत हं).

कुठला रस्ता ते अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट देऊन कळणार नाही. तिला दोन-तीन रविवार संध्याकाळी वही घेऊन गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, पाठवा, रामकुंडाजवळच्या पायऱ्यांवर कोण कुठे टेकतं, किती वेळ, बायका कुठली जागा निवडतात, म्हातारी माणसं कुठल्या पायरीवर अडखळतात, आणि मग तेच कॉलेज रोडला जाऊन बघायला सांगा. वहीत पायऱ्यांची चित्रं आली, ही इथे रुंद हवी होती वगैरे, तर आर्किटेक्चर. आकडे आणि "असं का" आलं तर सायकॉलॉजी.

वही घेऊन दोघी या, बाबांनाही आणा. आणि तोवर ती खुर्ची परत टीव्हीसमोर नेऊ नका.