'स्क्वॉलर' या इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ काय? तो कुठे वापरायचा?

डिक्शनरीत 'स्क्वॉलर'पुढे घाण, गलिच्छपणा एवढंच दिलेलं असतं. मग 'डर्ट' आणि 'फिल्थ' असताना हा शब्द कशाला, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. फरक आहे तो आबाळीचा. चिखलात बरबटलेले बूट 'डर्टी', तुंबलेलं गटार 'फिल्दी'. पण एका खोलीत आठ माणसं, भिंतींना ओल, मजल्याला एकच संडास आणि तोही तुंबलेला, वर्षानुवर्षं दुरुस्तीला कुणी फिरकलेलं नाही, या सगळ्या अवस्थेला मिळून स्क्वॉलर म्हणतात.

त्यामुळे हा शब्द राहत्या जागेला आणि परिस्थितीला लागतो. 'दे लिव्ह्ड इन स्क्वॉलर' बरोबर. पण मळलेल्या शर्टाला कुणी 'स्क्वॉलिड' म्हणत नाही. (स्क्वॉलिड हे विशेषण.)

1942 साली ब्रिटनमध्ये विल्यम बेव्हरिज यांनी सामाजिक विम्यावरचा अहवाल दिला. देशाच्या वाटेत पाच राक्षस उभे आहेत, असं त्यात म्हटलं होतं: दारिद्र्य, रोगराई, अज्ञान, स्क्वॉलर आणि बेकारी. दारिद्र्य आणि स्क्वॉलर त्यांनी वेगवेगळे धरले, हे मला फार मोलाचं वाटतं. उद्योग आणि वस्ती कशीही, बेशिस्त वाढली की स्क्वॉलर येतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे दोष तिथे राहणाऱ्यांच्या सवयींचा धरलेला नाही. आपल्याकडच्या 1971 च्या झोपडपट्टी कायद्याच्या इंग्रजी मजकुरातही 'इनसॅनिटरी, स्क्वॉलिड, ओव्हरक्राउडेड' हे शब्द ओळीने येतात, आणि तेही वस्तीबद्दल, माणसांबद्दल नव्हे. 'ते लोक स्क्वॉलिड आहेत' असं कृपा करून लिहू नका; तो सरळ अपमान होतो.

गरिबी असलीच पाहिजे असंही नाही. बँकेत पैसे असूनही कचऱ्याच्या ढिगात एकटी राहणारी वृद्ध माणसं असतात. या विकाराला डायोजिनीस सिंड्रोम म्हणतात, आणि त्याचं दुसरं नाव 'सीनाइल स्क्वॉलर सिंड्रोम'.

'स्क्वॉलिड अफेअर' असं वाचलंत तर तिथे घाण नैतिक असते: लाचखोरी, लफडी, हिणकस व्यवहार. हा अर्थ फक्त विशेषणालाच नाही, 'मॉरल स्क्वॉलर' असंही लिहितात.

आणि 'स्क्वॉलर'चं अनेकवचन करू नका, त्याच्याआधी 'अ' (a) हे उपपदही लावू नका.