मुलांचे फास्ट फूड: ‘किती’ विचारण्याआधी ‘केव्हा’ विचारा

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांच्या तोंडून एक प्रश्न हटकून निघतो. वेळ घेताना कारण वेगळेच सांगितलेले असते, म्हणजे अभ्यासात लक्ष नाही, मोबाइल सुटत नाही, चिडचिड वाढली आहे; आणि तासाच्या शेवटी, पर्स खांद्याला लावता लावता आई विचारते, “मॅडम, बाहेरचं खाणं आठवड्यातून किती वेळा चालेल?” ‘बाहेरचं’ म्हणजे बर्गर, पिझ्झा, मोमो, गाडीवरचे चायनीज आणि सोबत थंड पेयाची बाटली. नागपुरातल्या वर्धा रोडवरच्या फ्लॅटमधून आलेली आई असो की महालातल्या जुन्या वाड्यातून आलेली, प्रश्नाची शब्दरचनासुद्धा फारशी बदलत नाही. पालकांना आकडा हवा असतो.

आकड्यापुरते उत्तर मी आधीच देऊन टाकते. रोज किंवा दिवसाआड मिळणारे फास्ट फूड वाढत्या मुलाच्या आहारात बसत नाही. कुटुंबाने मिळून ठरवलेले, आठवड्यातून एखाद्या वेळचे खाणे, बाकीचे दिवस ठीक असतील तर, निरोगी मुलाचे फारसे नुकसान करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, आणि मुलांसाठी ही मर्यादा त्यांच्या गरजेनुसार आणखी खाली आणावी. साखरेबाबत तीच संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसभराच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि ५ टक्क्यांच्या आत असेल तर अधिक चांगले. तीनशे मिलिलिटर कोलामध्ये साधारण ३० ग्रॅमहून अधिक साखर असते, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलाने एक बाटली संपवली की ती ५ टक्क्यांची मर्यादा तिथेच ओलांडली जाते. शिवाय हे पदार्थ मऊ, झटपट गिळता येणारे आणि थोड्या आकारात भरपूर उष्मांक भरलेले असल्याने पोट भरल्याची जाणीव होण्याआधीच खाऊन संपलेले असतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २०१९ मध्ये २० प्रौढांवर झालेल्या प्रयोगात, अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या दोन आठवड्यांत लोकांनी, प्रक्रिया न केलेल्या अन्नाच्या दोन आठवड्यांपेक्षा, सरासरी दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खाल्ल्या, आणि तेही मनाला येईल तेवढेच खाण्याची मोकळीक असताना. प्रयोग मोठ्या माणसांवरचा आहे हे खरे. पण जिथे मोठ्यांना थांबता आले नाही, तिथे चौथीतल्या मुलाकडून संयमाची अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते.

“आम्हीही कचोरी-आलूबोंडे खाऊनच मोठे झालो की,” हे बहुतेक वडिलांचे ठरलेले वाक्य असते. त्यावर मी दोन गोष्टी सांगते. पहिली अशी की तेव्हा आलूबोंडा खायला चौकापर्यंत चालत जावे लागायचे आणि खिशात पैसे असावे लागायचे. आता पदार्थ दहा-वीस मिनिटांत दारात येतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत जास्त चरबी, मीठ व साखर असलेल्या पदार्थांच्या विक्रीला मज्जाव केला आहे, पण घराच्या दारापासून मोजायचा मीटर कोणत्याही नियमात नाही. दुसरी गोष्ट म्हणजे कचोरीही काही पुण्यवान नाही. आपण नागपूरकर बर्गरला फास्ट फूड म्हणतो आणि पोह्यांवर ओतलेल्या तर्रीतल्या तेलाला नाश्ता म्हणतो, हा भेद शरीराला समजत नाही.

इतके सांगूनही घरात काही बदलत नाही, हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. मुले फास्ट फूड खातात ते माहिती कमी पडते म्हणून नव्हे, आणि माहिती मिळाल्यामुळे ती थांबतही नाहीत. का थांबत नाहीत, हे एका कुटुंबाच्या आधारे सांगते. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन घरांचे तपशील त्यात मिसळले आहेत.

मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. आई बँकेत, वडील बुटीबोरीच्या एका कारखान्यात, घरी आजी. मनीषनगरातले स्वतःचे घर, दोन्ही वेळचा स्वयंपाक आजीच्या हाताखाली होतो, म्हणजे घरी अन्न नाही अशी स्थिती मुळीच नाही. तरीही आठवड्यातल्या चार-पाच संध्याकाळी काही ना काही मागवले जात होते. आईने पहिल्याच भेटीत सांगितले, “तो पोळी-भाजी खाऊनच नाही राहिला, मॅडम. बंद केलं तर दोन दिवस उपाशी बसतो, मग मलाच राहवत नाही.” वडिलांचे मत होते की आईने लाडावून ठेवले आहे. आजींचे मत होते की सून नोकरी करते म्हणून हे होते. तिघांचीही मते तयार होती आणि तिघेही मुलाच्या तोंडात काय जाते याकडेच पाहत होते.

मी आईला एक वही ठेवायला सांगितले. त्यात मुलाने काय खाल्ले हे लिहायचे नव्हते. जेव्हा जेव्हा बाहेरून काही येईल, तेव्हा त्याच्या आधीच्या अर्ध्या तासात घरात काय घडले, एवढेच दोन ओळींत नोंदवायचे होते. “आणि त्याने किती खाल्लं ते?” “ते नको.” बाईंना हा प्रकार फारसा पटला नव्हता, पण बँकेतल्या माणसाला नोंदी ठेवण्याची शिस्त असते आणि ती इथे कामी आली.

पुढच्या एका भेटीत मी ती वही त्यांना स्वतःलाच मोठ्याने वाचायला लावली. नोंदी साध्या होत्या. मंगळवार: गणिताच्या वहीवरून मी ओरडले, तो खोलीत जाऊन बसला, साडेसातला बर्गर मागवला. बुधवार: बँकेत उशीर झाला, आठला घरी पोहोचले, त्याच्यासाठी नूडल्स घेऊन आले. शुक्रवार: आमचा दोघांचा शिकवणीच्या फीवरून वाद, हे त्याला घेऊन बाहेर गेले, पिझ्झा. शनिवार: विज्ञानाच्या चाचणीत वीसपैकी अठरा, पिझ्झा. सोमवार: आजी त्याला रागावल्या, मी फोनवरूनच मोमो मागवले.

वाचताना त्यांचा आवाज सुरुवातीला हिशेब सांगावा तसा कोरडा होता. दुसऱ्या पानावर तो मंदावला. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने बोलू नये, हे मला माझ्या कामातले सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी कौशल्य वाटते. त्यांनी पान उलटले, पुन्हा मागे आल्या, बोटाने ओळी तपासल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, यात त्याला भूक लागली होती असं कुठेच नाही.”

थोड्या वेळाने स्वतःच पुढे म्हणाल्या, “आणि त्याने मागितलं असंही फक्त दोनदाच आहे. बाकी सगळं आम्हीच आणलं.”

मी बारा-पंधरा वाक्यांचा उपदेश केला असता तरी ही दोन वाक्ये त्यातून निघाली नसती. माझा विश्वास असा आहे की घरातले लक्षण एकट्या मुलाचे नसते. ते सगळ्या घराचे एखादे काम करत असते आणि म्हणूनच टिकून राहते. या घरात बर्गर समेटाचे काम करत होता, उशिरा घरी आल्याची भरपाई करत होता, नवरा-बायकोच्या वादातून बाहेर पडायची वाट देत होता आणि शाबासकीही पोहोचवत होता. एवढी कामे करणारी वस्तू ‘उद्यापासून बंद’ म्हटल्याने बंद होत नाही, कारण ती कामे दुसऱ्या दिवशीही शिल्लक असतात.

मुलाशी मी वेगळी बोलले. बाहेरच्या खाण्याचा विषय मी काढला नाही; घरी कोणकोणत्या गोष्टींसाठी बक्षीस मिळते, एवढेच विचारले. त्याने उत्साहाने सांगितले की चाचणीत चांगले मार्क मिळाले की पिझ्झा, आणि लवकीची (दुधी भोपळ्याची) भाजी संपवली की आइस्क्रीम. मग जरा विचार करून म्हणाला, “लवकी खराबच असेल ना मॅडम? नाहीतर तिच्यासाठी बक्षीस कायला देतील?”

लीअ‍ॅन बर्च या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास लहान मुलांवर केलेल्या अभ्यासांत नेमके हेच दिसले होते. जो पदार्थ बक्षीस म्हणून दिला जातो तो मुलांना अधिक आवडू लागतो, आणि जो पदार्थ बक्षिसासाठी संपवावा लागतो त्याची आवड घटते. पुढे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात बर्च आणि जेनिफर फिशर यांनी दाखवले की समोर दिसत असलेल्या पण मनाई केलेल्या पदार्थाकडे मुलांचे लक्ष उलट अधिक जाते. या मुलाने ते सगळे लवकीवरून एका वाक्यात मांडले होते, आणि पालकांना मी या संशोधनाआधी त्याचेच वाक्य ऐकवले. वडील हसले, आईला हसू आले नाही.

त्यानंतरचे काम मुलावर कमी आणि मोठ्यांवर जास्त झाले. रागावल्यानंतर काही मागवायचे नाही, असे मी सांगितले तेव्हा आईने विचारले, “मग करू काय?” मी म्हटले, “त्याच्या शेजारी बसा. काही समजावू नका, माफीही मागू नका. तो बोलेल किंवा बोलणार नाही.” पहिले काही दिवस तो खरोखरच बोलला नाही आणि घरात जडपणा राहिला, हा जडपणा सोसण्याची तयारी नसलेल्या घरांत पुढचे काहीच टिकत नाही, म्हणून मी त्याची कल्पना आधीच देऊन ठेवते.

शिकवणीच्या दिवशी मात्र त्याला खरी भूक लागत होती. शाळेतून दीडला आलेला मुलगा जेवून साडेचारला शिकवणीला जाई आणि सातला परते, तेव्हा मधल्या वेळेत पोटात काहीच नसे. निघण्याआधी घरचे काही द्यायचे ठरले, आणि आजींनी उत्साहाने सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, सुचवली. तीही तेलात तळलेलीच, हे मी हळूच लक्षात आणून दिले. शेवटी उकडलेला हरभरा, दही-पोहे, फल्लीची चटणी लावलेली पोळी, केळी आणि मोसमात संत्री यांवर एकमत झाले. या यादीत नवे काही नाही, पण ते मुलाच्या हाताशी सव्वाचारला तयार असणे नवे होते.

बाहेरच्या खाण्यासाठी शनिवारची संध्याकाळ ठरली. काय मागवायचे ते आळीपाळीने प्रत्येकाने सांगायचे आणि चौघांनी एकत्र बसून खायचे. हा शनिवार कमवावा लागणार नव्हता आणि शिक्षा म्हणून कापलाही जाणार नव्हता. इथे वडील अडले. “म्हणजे आठवडाभर मस्ती केली तरी पिझ्झा?” मी म्हटले, “हो, तरीही.” मस्तीचे परिणाम मस्तीपुरते ठेवावेत, पिझ्झा कापला की तो पुन्हा बक्षीस होतो आणि आपण लवकीच्या त्याच हिशेबावर परत येतो. माझ्या सल्ल्यातल्या याच भागाला पालकांचा सर्वाधिक विरोध होतो आणि मी याच भागावर सर्वाधिक ठाम असते.

रोजच्या जेवणाबाबत मी अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली जबाबदाऱ्यांची विभागणी वापरते. काय, केव्हा आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे. त्यातले खायचे की नाही आणि किती खायचे हे मुलाने ठरवावे. ताटात रोज त्याला खाता येईल असा एक तरी पदार्थ असावा, मग तो वरण-भात का असेना, आणि बाकीच्यासाठी ‘एक घास’ची मनधरणी बंद करावी. मुलाच्या अंगावरून बोलणेही बंद, ‘गुटगुटीत’ असे कौतुकाने म्हणणेसुद्धा. आजींना हे शेवटपर्यंत पूर्ण पटले नाही, पण त्यांनी पाळले.

दोन-अडीच महिन्यांत वहीतल्या नोंदी विरळ झाल्या. बर्गर मुलाला अजूनही आवडतो. लवकी अजूनही आवडत नाही, आणि माझा त्याबाबत आग्रहही नाही.

काही मुलांच्या बाबतीत मात्र वही काढण्याआधी मी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवते. वजन थोड्याच काळात झपाट्याने वाढले असेल, मानेवर किंवा काखेत काळसर, जाडसर, मखमली पट्टा दिसत असेल, झोपेत जोरात घोरणे असेल, बद्धकोष्ठता हटत नसेल, तर त्याची तपासणी शरीरापासून व्हायला हवी. मानेवरचा तो पट्टा मळ समजून घासत बसलेल्या आया मी पाहिल्या आहेत, आणि तो अनेकदा शरीराचे इन्सुलिनशी बिनसल्याचे चिन्ह असतो. मूल लपवून खात असेल, खाऊन मुद्दाम ओकत असेल किंवा पूर्णच जेवण टाळत असेल, तर डॉक्टर आणि समुपदेशक दोघेही एकाच वेळी लागतात. किती ग्रॅम, किती वाट्या हे आहारतज्ज्ञांनी सांगावे. त्या क्षेत्रात मी पाय ठेवत नाही.

परवा त्या आईचा फोन आला होता. सहामाहीच्या तयारीमुळे शनिवारी शिकवणीचा जादा तास लागला आहे, तर बाहेरचे खाणे रविवारी केले तर चालेल का, असे त्या विचारत होत्या. मी त्यांना म्हटले, “या आठवड्याची पाळी कोणाची आहे? त्याला विचारा.” पाळी आजींची होती आणि त्यांनी डोसा सांगून ठेवला होता.