नाताळच्या यादीत येशूचं नाव कुठे आहे?

प्रश्न : बाई, सलाम. आम्ही भुसावळला राहतो, मिस्टर रेल्वेत आहेत, दोन्ही मुलं इंग्रजी शाळेत. नोव्हेंबर संपत आला की आमच्या घरात नाताळची यादी सुरू होते. चौघांचे कपडे, सासर-माहेरच्या साड्या, फराळ, केक, नवे पडदे, लाइटिंगच्या माळा. शाळेतून सांताच्या ड्रेसची चिठ्ठी येते ती वेगळी. गेल्या वर्षी 22,000 रुपये गेले. त्यातले निम्मे बचत गटातून उचलले होते, ते फेडता फेडता जून उजाडला. आणि 25 तारखेला उपासनेत बसले तर डोक्यात बिर्याणीचा तांदूळ. आता धाकटा विचारतो, "मम्मी, येशू मोठा की सांता?" काय करू?
— एक भगिनी, भुसावळ

उत्तर : ताई, सलाम. धाकट्याच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण मुलं उत्तरासाठी फार दिवस थांबत नाहीत. आपण नाही दिलं तर दुसरं कोणी देतं.

त्याला खोटं सांगू नका आणि सांताला वाईटही म्हणू नका. ज्याच्यावरून सांता आला, त्या निकोलसची गोष्ट त्याला सांगा. हा चौथ्या शतकातला मायरा गावचा बिशप. ते गाव आजच्या तुर्कस्तानात येतं. परंपरेत त्याची गोष्ट अशी सांगतात, की एका गरीब बापाला तीन मुली होत्या, हुंड्याला पैसे नव्हते आणि मुलींच्या जन्माची माती व्हायची वेळ आली होती. निकोलसने रात्री खिडकीतून पैशांच्या थैल्या आत टाकल्या आणि आपलं नाव कळू नये म्हणून धडपड केली. आपल्या खानदेशात हुंड्याची गोष्ट पोरांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. त्याचा सण 6 डिसेंबरला असतो, त्या दिवशी सांगा. आज दुकानात दिसणारा लाल कोटातला गुबगुबीत म्हातारा फार अलीकडचा. अमेरिकेतल्या चित्रांनी आणि जाहिरातींनी त्याला ते रूप दिलं. मूळचा निकोलस येशूचा सेवक होता आणि जे केलं ते येशूसाठी केलं. एवढं ऐकल्यावर मोठा कोण, ते मुलगा स्वतःच सांगेल. शाळेसाठी ड्रेस लागतोच, तर कोणाकडून तरी मागून आणा. एका दिवसासाठी नवा कशाला?

आता पैशांचं. कर्ज काढून नाताळ करू नका. हे मी अगदी ठामपणे लिहिते आहे, कारण माझे यजमान चर्चचे पाळक होते आणि जानेवारीत आमच्या दारात येणाऱ्या बहिणींचे चेहरे मी पाहिले आहेत. बायबलमधल्या लूकाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात आपण मेंढपाळांपर्यंत वाचतो आणि पुस्तक मिटतो. थोडं पुढे जा. मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात जातात आणि दोन पक्ष्यांचं अर्पण करतात, पारव्यांची जोडी किंवा कबुतराची पिल्लं. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात नियम दिला आहे. बाळंतिणीने कोकरू अर्पावं आणि ज्या बाईला कोकरू परवडत नाही तिने दोन पक्षी द्यावेत. म्हणजे आपल्या प्रभूच्या घरात कोकराची ऐपत नव्हती. जेवढी होती तेवढ्यात त्यांनी केलं आणि देवाने ते स्वीकारलं. सासरच्या साडीवरून कोणी बोललं तर हा अध्याय मनात ठेवा. एक वर्ष साडी नाही दिली म्हणून जे नातं तुटतं, ते साडीने तरी किती दिवस टिकणार होतं?

यादी नक्की करा. यादीत वाईट काही नाही, बाईमाणसाचं घर यादीवरच चालतं. फक्त पहिल्या ओळीवर साडी-पडदे येऊ देऊ नका. तिथे येशूच्या नावाने कोणाला काय द्यायचं ते लिहा आणि ते पैसे आधी बाजूला काढा. हजार खर्चायचे असतील तर शंभर आधी. तुमच्या गल्लीतली एकटी म्हातारी, दवाखान्यात पडलेला कोणाचा नातेवाईक, यंदा ज्यांच्या कापसाचे पैसे आलेच नाहीत असं एखादं घर. ते द्यायला मुलांना बरोबर न्या. त्यांच्या हाताने द्या.

आणि बिर्याणी. ताई, उपासनेत मन लागत नाही यात तुमचा विश्वास कमी पडतो असं मला वाटत नाही. आठ दिवस करंज्या, चकल्या, शंकरपाळे, त्यावर घराची झाडलोट, हे सगळं एकटी बाई करते आणि मग प्रभूच्या जन्मदिवशी तीच सर्वांत थकलेली असते. मला याचा खरोखर राग येतो. कांदा चिरायला, तांदूळ निवडायला मिस्टर आणि मुलं आदल्या रात्री बसू द्या. जेवण दुपारी तीनला झालं तर कोणी उपाशी मरत नाही. नाहीतर पाहुण्यांना भरीत-पुरी घाला. थंडीत वांगं चांगलं मिळतं आणि खानदेशातला माणूस त्याला नाही म्हणत नाही.

रेल्वेची ड्युटी कधी लागेल सांगता येत नाही. म्हणून मिस्टर घरी असतील ती संध्याकाळ धरा, मग ती 21 तारीख असो की 23. टीव्ही, मोबाईल बंद करा. लूकाचा दुसरा अध्याय मोठ्या मुलाने वाचावा, धाकट्याने प्रश्न विचारावेत. सासूबाई असतील तर त्यांना तीच गोष्ट अहिराणीत सांगायला लावा. माझ्या सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. पण मरिया-योसेफाबद्दलच्या "उतारशाळेत त्यांना जागा नव्हती" या ठिकाणी त्या इतक्या चिडायच्या, की त्या उतारशाळेच्या मालकाला शेजारच्या गल्लीतला समजून बोलायच्या. माझ्या मुलांना तो अध्याय आजही त्यांच्याच आवाजात आठवतो.

प्रश्न : आमच्या तरुण संघाने यंदा डीजे आणि एलईडीचा स्टेज ठरवला आहे, घरटी वर्गणी काढली आहे. म्हातारी माणसं नाराज आहेत. त्यांना ढोल आणि आमच्या मावची बोलीतली गाणी हवीत. आम्ही म्हणतो, तरुण पोरं मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, टिकली पाहिजेत. तुमचं मत?
— एक युवक, नवापूर तालुका

उत्तर : बाळा, पोरं टिकावीत ही तुझी कळकळ खरी आहे, ती सोडू नकोस. पण डीजेने आलेली पोरं डीजेबरोबर जातात. जिथे आवाज मोठा, तिकडे जातात.

असिसीच्या फ्रान्सिसने 1223 साली इटलीतल्या ग्रेचो गावी येशूच्या जन्माचा देखावा केला, तेव्हा त्याने गव्हाणी मांडली, गवत आणलं, खरा बैल आणि गाढव उभं केलं. तुमच्या गावात बैल आहेत, गवत आहे, गव्हाणी तर जवळजवळ घरोघर आहे. भाड्याचा स्टेज कशाला? गाणी मावचीत म्हणा, ढोल म्हाताऱ्यांच्या हातात द्या, मरिया-योसेफाची कामं तरुणांनी करा.

आणि वर्गणी जमली आहे ना, तिच्यासाठी एक काम सांगते. दिवाळीनंतर आपल्या भागातली कितीतरी कुटुंबं दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. डिसेंबरात गावची मंडळी अर्धी रिकामी असते. माझ्या यजमानांचा नेम होता, नाताळच्या आठवड्यात बारडोलीकडच्या ऊसतोड मजुरांच्या पडावांवर जायचं. नवापूरहून महामार्ग सरळ तिकडेच जातो. चादरी, तेल, गूळ, पोरांसाठी स्वेटर घेऊन आम्ही जायचो आणि उसाच्या पाचटावर बसून मेंढपाळांचा भाग वाचायचो. रात्री उघड्यावर काम करणाऱ्या माणसांना येशूच्या जन्माची बातमी आधी मिळाली. राजवाड्यात हेरोद राजाला ती मागाहून, ज्ञानी लोकांच्या तोंडून कळली. कोयता बाजूला ठेवून ऐकणाऱ्या माणसांना हे समजावून सांगावं लागलं नाही. एक टेम्पो करा, दहा-पंधरा पोरं घेऊन जा. जी पोरं एक रात्र पडावावर गातील, ती मंडळी सोडणार नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

म्हाताऱ्यांना विचारूनच ठरवा. त्यांची वर्गणीही त्यात आहे.

प्रश्न : मी हिंदू आहे. माझ्या ख्रिस्ती मित्राने नाताळला घरी बोलावलं आहे. काय न्यावं? केक चालेल का?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : भाऊ, केक त्यांच्याकडे चार जमलेले असतील. तुमच्या बागेतली केळी न्या, नाहीतर घरचे तिळाचे लाडू. दिवाळीला तुमच्याकडून जसं ताट जातं तसंच त्यांच्याकडूनही फराळाचं ताट येईल, ते घ्या. जेवणाआधी ते प्रार्थना करतील, तेव्हा शांत उभं राहिलं तरी पुरे. सकाळच्या उपासनेलाही यायचं असेल तर मित्राला आदल्या दिवशी सांगा, म्हणजे तो तुमची जागा धरून ठेवेल. त्या दिवशी उशिरा येणाऱ्याला बहुतेक मांडवातच उभं राहावं लागतं.